नऊ रोपांवरची मागणी

कफरंजा या अरब गावात लग्न ठरवायला आधी बायका जातात. मुलगी बघतात, तिच्या आईशी बोलतात, चहा पितात, मुलाचा पगार आणि मुलीचा स्वभाव सगळं तिथेच निकालात काढतात. मग पुरुष जातात. पन्नास-साठ जण, अंगावर झगे, डोक्याला लाल चौकडीचे रुमाल, दोन बस भरून. याला जाहा म्हणतात. ठरलेलंच पुन्हा मागायचं, पण अशा थाटात की जणू काही ठरलेलंच नाही. मुलीचा बाप जाहाच्या म्होरक्यासमोर कडू कॉफीचा पेला ठेवतो. म्होरक्या पेल्याला हात लावत नाही. उभा राहतो, बोलतो, मागणी घालतो. बाप 'कॉफी प्या' म्हणाला की लग्न पक्कं. नाही म्हणाला, तर पेला तसाच सोडून साठ माणसं उठतात, आणि ते लग्न मग या जन्मी होत नाही.

गेली सव्वीस वर्षं गावातला हा म्होरक्या एकच, मुतलक. थोरल्या मुलाचं नाव नायफ, म्हणून सगळे त्याला अबू नायफ, म्हणजे नायफचा बाप, म्हणत. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीखात्यात घरोघरी फिरून मीटर वाचले. मीटर वाचणाऱ्याशी कोण बोलतंय? बायका दार उघडायच्या आणि बोट दाखवून आत जायच्या. साठलेलं सगळं बोलणं बिचाऱ्याच्या पोटात तसंच राहिलं. मग एका जाहात ऐनवेळी म्होरक्याचा घसा बसला, अबू नायफला उभं केलं, आणि त्याच्या तोंडून अशी किताबी अरबी बाहेर पडली की म्हातारे रडायला लागले. आता अरबी काय, दोन आहेत. एक घरातली, बाजारातली. दुसरी मशिदीतली, बातम्यांतली, भरजरी. पहिलीत भाजी मागायची आणि दुसरीत मुलगी. अबू नायफला दुसरी अशी काही लागली की पहिलीत तो परत आलाच नाही.

"रश्श्यात मीठ कमी असलं तर मीठ मागतात माणसं," त्याची बायको वदहा शेजारणींना सांगायची. "आमच्याकडे काय ऐकावं लागतं? 'आज या पातेल्यात समुद्राची आठवण पुसट आहे.' अडतीस वर्षं झाली, एक गोष्ट मला सरळ सांगितली असेल तर शपथ!"

भाषण लोकांना कळायचं असंही नाही. पण कळत नाही म्हणजे काहीतरी भारीच असणार, म्हणून तर माना डोलायच्या.

तर अशा माणसाच्या घरातच जाहाची वेळ आली. धाकटा भाऊ गेला तेव्हा त्याचा मुलगा कुसय चार वर्षांचा होता. अबू नायफने त्याला घरी आणला आणि पोटच्या पोरांहून जास्त जपला. आता तो सव्वीसचा, वीज कंपनीत खांबावर चढायच्या कामाला. दाऊदच्या दारातला खांब दुरुस्त करायला गेला आणि दाऊदची मुलगी जुमान नजरेला पडली. तो खांब मग सहा महिने दुरुस्त झाला नाही. शेवटी वदहाने ओळखलं, बायका जाऊन आल्या, सगळं जुळलं. राहिला फक्त जाहा.

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. कारण दाऊद मूळचा इंग्लंडचा. सत्तावीस वर्षांपूर्वी पाणीखात्यात पंप बसवायला आला, गावातली मुलगी आवडली, मुसलमान झाला, लग्न केलं आणि राहिला. आता चाळीस बकऱ्या पाळायचा आणि दह्याचे सुकवलेले गोळे करून विकायचा. या गोळ्यांना जमीद म्हणतात, आणि कफरंजातला सगळ्यात चांगला जमीद त्याच्याकडचा. अरबी बोलायचा ती गुराख्यांसारखी, शिव्यांसकट.

"मी इंग्रजीत मागणी घालणार," अबू नायफने एके सकाळी जाहीर केलं.

वदहाच्या हातातली भाकरी थांबली. "कशाला? त्याला अरबी येते की! परवा खाटकाशी भांडला, खाटीक रडायचा बाकी होता."

"येते, पण कुठली? बकऱ्यांची! माणूस मुलगी देतो तेव्हा काळजातून देतो. काळजाला आईची भाषा कळते. गुराखी भाषेत त्याची मुलगी मागणं म्हणजे त्याला खालची जागा दाखवणं. मी नाही करणार."

"तुम्हाला इंग्रजी येते?"

"येत नाही. येईल. जाहा सप्टेंबरात आहे, आता मार्च चाललाय."

आता सांगा, अशा माणसाला काय म्हणणार! मनात खोट नव्हती, हे मात्र वदहालाही कळत होतं. म्हणून तर तिने हात टेकले.

शाळेत इंग्रजी शिकवणारा उस्ताद रातिब शेजारच्या गल्लीत राहायचा. अबू नायफ त्याच्याकडे गेला. उस्तादाने उत्साहाने पहिल्या इयत्तेचं पुस्तक काढलं.

"हे नको," अबू नायफने पुस्तक हळूच मिटून परत दिलं. "ही बाजारातली झाली. मला किताबी इंग्रजी पाहिजे."

"हाजी, इंग्रजीत किताबी आणि बाजारी असं काही नसतं. जी भाजीवाल्याची तीच राजवाड्यातली."

"उस्ताद, मला वेड्यात काढू नका. त्यांच्या राजवाड्यात काय भाजीवाल्यासारखं बोलतात?"

"थोडंफार तसंच बोलतात."

"मग तुम्हाला वरची भाषा शिकवलीच नाही कोणी," अबू नायफ दया आल्यासारखा म्हणाला. "दोष तुमचा नाही. सरकारी शाळा."

इर्बिद शहरातल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून त्याने एक शब्दकोश आणला, एवढा जाड की बसवाल्याने त्याचं वेगळं तिकीट मागितलं. रोज पहाटेच्या नमाजानंतर तो पानं उलटायचा. शब्द निवडायची त्याची स्वतःची रीत होती. लांब शब्द दिसला की वहीत उतरवायचा, आणि दुपारी वही घेऊन रातिबकडे जायचा. रातिबला शब्द येत असला तर त्यावर काट! उस्तादाला येतो म्हणजे वर्गातल्या चाळीस पोरांना येणार, म्हणजे तो गल्लीत फिरलेला शब्द. रातिबला आला नाही तर तो औषधांच्या दुकानातल्या बाईंना विचारायचा, कारण त्या इंग्रजीतून शिकलेल्या. त्यांनाही आला नाही, की मग शब्द पास. म्हणजे निवडून निवडून त्याने तेवढेच शब्द ठेवले जे कोणालाच कळत नव्हते. आणि याचा त्याला इतका आनंद, इतका आनंद, की काय सांगावं!

रातिब बिचारा पापभीरू. हे भाषण कुठल्या खड्ड्यात जाणार ते त्याला दिसत होतं. त्याने एक युक्ती काढली. अबू नायफने कुठलाही शब्द विचारला की म्हणायचं, येतो. निदान यादी तरी छोटी होईल.

"पल्क्रिट्यूड?"

"येतो."

"अर्थ?"

रातिब गडबडला. "एक... एक प्रकारचा पंप."

"सौंदर्य!" अबू नायफ मांडीवर थाप मारून ओरडला. "पास! मुलीचं वर्णन यातच करणार मी. उस्ताद, तुमच्या अज्ञानाचे माझ्यावर फार उपकार आहेत."

शब्द जमले, पण डोक्यात राहतील कसे? वय चौसष्ट. तेव्हा अबू नायफने आपल्या ऑलिव्हच्या बागेला कामाला लावलं. उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात त्याची एकशे सतरा झाडं होती. कीड लागू नये म्हणून बुंध्यांना चुना लावलेलाच असायचा. त्या पांढऱ्यावर त्याने निळ्या रंगाने एकेका झाडावर एकेक शब्द लिहिला. वरच्या पायरीवर नमस्कार-चमत्कार, मधल्या पायऱ्यांवर दाऊदच्या घराण्याची स्तुती, त्याखाली मुलीचे गुण, मग कुसयचे. रोज सकाळी बागेत वरून खाली चालत जायचं, प्रत्येक झाडापुढे थांबायचं आणि मोठ्याने शब्द म्हणायचा. मीटर वाचायची सवय होतीच. दारोदार फिरायचं, आकडा बघायचा, पुढे जायचं. दोन महिन्यांत डोळे मिटूनही त्याला अख्खी बाग दिसायला लागली.

बागेत खुरपणीला येणाऱ्या बायका लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या, पण रोज ऐकून ऐकून त्यांना तोंडपाठ झालं, आणि त्या वदहाला, म्हणजे नायफच्या आईला, हाका मारायच्या. "उम्म नायफ, त्या पल्क्रिट्यूडला कीड लागलीये बघा." "परिस्टेरोनिकखाली साप निघाला गं बाई!" परिस्टेरोनिक म्हणजे कबुतरांसंबंधीचं. दाऊदच्या गच्चीत कबुतरं होती, म्हणून तो घेतलेला.

घराला लागून, स्वयंपाकघराच्या भिंतीशी एक म्हातारं झाड होतं, अबू नायफच्या आजोबांच्या हातचं. त्याच्यावर लिहिलं होतं 'अक्सोरियस'.

"याचा काय अर्थ?" वदहाने खिडकीतून विचारलं.

"काही नाही. असाच आहे एक."

"भाषणात कुठे येतो?"

"भाषणात नाही येत."

"मग लिहिलाय कशाला?"

"झाड मोकळं होतं," असं म्हणून तो जरा घाईनेच वरच्या पायरीकडे निघून गेला.

ऑगस्टमध्ये रातिबने सगळं भाषण ऐकलं. मग म्हणाला, "हाजी, सगळं आहे यात. फक्त मागणी नाही."

"म्हणजे?"

"मुलगी पाहिजे, हे कुठे म्हटलंय?"

अबू नायफने वही उलटीपालटी केली. खरंच नव्हतं. पण 'पाहिजे'साठी किताबी शब्दच सापडेना. जो सापडे तो रातिबला आधीच येत असे. शेवटी रातिबने हात जोडले. "एवढं एक वाक्य साधं राहू द्या. 'आम्हाला तुमची मुलगी जुमान आमच्या मुलासाठी, कुसयसाठी पाहिजे.' इंग्रजीत नऊ शब्दांत बसतं. मी लिहून देतो."

अबू नायफ नाराजीने कबूल झाला. पण या बारक्या शब्दांना मोठी झाडं द्यायची नाहीत, हे नक्की. बागेच्या अगदी खाली, दगडी बांधाजवळ हिवाळ्यात लावलेली नऊ रोपं होती, गुडघ्याएवढी. छोट्या शब्दांना छोटी रोपं. तेलाच्या डब्याचे नऊ पत्रे कापले, प्रत्येकावर एक शब्द रंगवला आणि सुतळीने रोपांना बांधला. रोज सकाळी वरून खाली येईपर्यंत तो दमलेला असायचा. बांधाजवळ आल्यावर रोपांकडे नुसता एक हात हलवायचा आणि घरी जायचा. हे काय, येतील वेळेवर.

जाहाला दहा दिवस राहिले असताना एका सकाळी खाली आला तर नऊच्या नऊ रोपं फस्त. बुडखे तेवढे शिल्लक. पत्रेही गेलेले.

"रानडुकरं!" अबू नायफ गरजला. "हरामखोरांना शेजारच्यांची बाग दिसली नाही!"

"काका, ते नऊ शब्द पुन्हा लिहून ठेवा ना कुठेतरी," कुसय काकुळतीला आला. जाहा जवळ येत चालला तसा त्याचा घास उतरेनासा झाला होता.

"अरे, एकशे सतरा भारी शब्द डोक्यात ठेवलेत, नऊ भुरट्यांसाठी कागद लिहू? तू खांब सांभाळ, भाषण मी सांभाळतो." आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवून जरा हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या बापाने तुला माझ्या हातात दिलंय. तुझी कॉफी मी थंड होऊ देईन का?"

शुक्रवारी दुपारच्या दुसऱ्या नमाजानंतर जाहा निघाला. दाऊदच्या अंगणात अक्रोडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, समोर सतरंज्या. बायका स्वयंपाकघराच्या खिडकीआड दाटीवाटीने उभ्या. पहिल्या रांगेत अबू नायफ, त्याच्या बाजूला अबू सख्र. हा अबू सख्र वीस वर्षांपासून म्होरक्या व्हायची वाट बघत होता. मागच्या रांगेत रातिब, आणि सगळ्यात मागे कुसय, नवा सूट घालून आणि चेहरा पांढराफटक करून.

दाऊदचं काहीतरी बिनसलं होतं. नेहमी येईल त्याच्या पाठीवर थाप मारणारा माणूस, आज दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसला होता, आणि मधूनमधून खिसा चाचपत होता. मुलीच्या बापाला होतं तसं, असं सगळ्यांना वाटलं. त्याच्या मेव्हण्याने पेल्यात कॉफी ओतली आणि अबू नायफच्या पुढ्यात ठेवली.

अबू नायफ उठला. झगा सावरला, डोळे मिटले आणि बागेच्या वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

पहिल्या झाडापासून जी सुरुवात झाली ती काय वर्णावी! शब्द एकेक असा घरंगळत यायचा की पुढचे दोघे जण मागे सरले. पहिली पायरी संपली तेव्हा म्हाताऱ्यांच्या माना डोलायला लागल्या. दाऊदच्या घराण्याची पायरी आली, कबुतरं आली, तसं कोणीतरी "वाहवा!" म्हणालं. अबू सख्र शेजाऱ्याच्या कानाला लागला, "माणूस पक्का आहे हं. अरबीत जेवढं कळायचं नाही, तेवढंच इंग्रजीतही कळत नाही."

आपल्याला ज्यातलं काही कळत नाही त्यावर बडबडणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत एक भलामोठा शब्द आहे, अल्ट्राक्रेपिडेरियन. नाद चांगला म्हणून अबू नायफने तो कुसयच्या गुणांमध्ये घातला होता. तोही गेला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

दाऊद मात्र दर पायरीगणिक खचत चालला होता. आधी त्याने हसून मान हलवली. मग हसू गेलं. मग मान हलायची थांबली. पल्क्रिट्यूडपाशी त्याने रुमालाने कपाळ पुसलं, आणि कुसयच्या गुणांपर्यंत येईतो तो खुर्चीच्या कडेवर आला होता.

आणि अबू नायफ बांधाजवळ पोचला. एकशे सतरावं झाड मागे पडलं. त्याने मनातल्या मनात पुढे बघितलं. नऊ बुडखे.

त्याने पुन्हा बघितलं. बुडखेच.

हात हलवायची सवय होती, तेवढा हात हलला. तोंड उघडं राहिलं. अकरा मिनिटं न थांबता बोललेला माणूस आणि आता तोंडातून हवासुद्धा बाहेर येईना. पण लोकांना वाटलं, झालं भाषण. वा, काय शेवट केला! साठ जणांनी मान वळवून दाऊदकडे पाहिलं.

दाऊदने घसा साफ केला. "मला... मला जरा विचार करायला वेळ द्या."

असं कफरंजात कधी झालं नव्हतं. बायकांनी आधी सगळं ठरवलेलं असताना, पेला समोर असताना, बाप म्हणतो वेळ द्या! अबू सख्रने झगा गोळा करायला घेतला. एक उठला की साठही उठणार. रातिबला उठून ओरडावंसं वाटत होतं, पण जाहात म्होरक्याच्या वर कोणी बोलत नाही. मागे कुसय खुर्चीला दोन्ही हातांनी धरून बसला होता, आणि अबू नायफला मागे न बघताही तो दिसत होता. चार वर्षांचा, भावाच्या मयतीत त्याच्या झग्यात तोंड खुपसलेला. घालवलं. मी घालवलं याचं.

तेवढ्यात दाऊदच उठला. खिशातून त्याने तीन पत्रे काढले आणि सतरंजीवर पेल्याशेजारी ठेवले. तेलाच्या डब्याचे. चावलेले.

"हाजी, मी कबूल करतो," तो आपल्या गुराखी अरबीत म्हणाला. "बकऱ्या माझ्याच होत्या."

"कुठल्या बकऱ्या?"

"तुमची नऊ रोपं खाल्ली त्या. त्या रात्री कुंपण पडलं. मी येऊन सांगणारच होतो, पण लग्नाचं चाललेलं, तोंड होईना. मग गोठ्यात हे तीन पत्रे सापडले. इंग्रजीत." त्याने एकेक बोटाने दाखवला. "'आम्हाला.' 'पाहिजे.' 'तुमची.' पुढचं बहुधा बकरीने खाल्लं. तेव्हाच कळलं मला, तुम्ही आधीच नोटीस लावून ठेवली होती. दोन बकऱ्या देतो. तीन घ्या! पण माणसं आणून, माझ्या दारात बसून, अकरा मिनिटं माझ्यावर खटला? मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली, हाजी. सत्तावीस वर्षांत मला इथे इंग्रजी दिसली ती फक्त वकिलांच्या कागदात. तुमचा एक शब्द कळला असेल तर शप्पथ. कॉफी प्या म्हणालो आणि उद्या तुम्ही चाळीसच्या चाळीस हाकून नेल्या, तर मी खाऊ काय?"

अबू नायफ पत्र्यांकडे बघत राहिला. "रानडुकरं नव्हती म्हणजे," तो पुटपुटला.

"सांगून टाका," दाऊद घायकुतीला आला. "आम्हाला पाहिजे तुमची... काय? बकरी?"

"अरे, बकरी कोणाला पाहिजे!" अबू नायफ एकदम असा ओरडला की मेव्हण्याच्या हातातली कॉफीची सुरई कलंडली. "घाल चुलीत तुझ्या बकऱ्या! पोरगी पाहिजे, पोरगी! तुझी जुमान! आमच्या कुसयला! अरे, एवढासा होता तेव्हापासून मी वाढवलाय त्याला. खोटं बोलत नाही, कामचुकार नाही, म्हणजे तुझ्या दारातला खांब सोडून. त्याला तुझी पोरगी आवडते रे. तिलाही तो आवडतो. चांगलं पोरगं आहे, दाऊद. दे ना!"

'दे ना' म्हणाला! जाहात! घरातल्या, चुलीपाशी बोलतात त्या अरबीत! अबू सख्रचा झगा हातातच राहिला. अबू नायफलाही आपण काय बोललो ते आत्ता ऐकू आलं, आणि तो मटकन खाली बसला. सव्वीस वर्षांत कोणासमोर हात पसरला नव्हता. प्रत्येक वेळी शब्दच पसरले होते.

दाऊद त्याच्याकडे बघत होता. हळूहळू त्याच्या खांद्यांतला ताठपणा गेला.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग मघापासून ते काय चाललं होतं?"

"ती..." अबू नायफ ओशाळला. "ती माझी झाडं होती."

दाऊदने ते समजून घ्यायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तो खाली वाकला, पेला उचलला आणि स्वतःच्या हाताने अबू नायफच्या हातात दिला. "कॉफी पी, बाबा. कधीची थंड होतेय."

थंडगार झाली होती. अबू नायफने एका घोटात संपवली. खिडकीआड बायकांनी जिभा फिरवून जो आनंदाचा कल्लोळ केला, त्याने गच्चीतली कबुतरं उडाली. मागे कुसय रडत होता आणि रातिब त्याच्याहून जास्त.

परतताना बसमध्ये अबू सख्रने निकाल दिला. "भाषण उत्तम होतं. शेवट जरा घाईत उरकला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अबू नायफ चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन बागेत उतरला. वरच्या पायरीपासून एकेक झाड पुन्हा पांढरं करत सुटला. कोणी विचारलं नाही, त्यानेही कोणाला सांगितलं नाही. खालच्या बांधाजवळ दाऊदने उजाडतानाच आणून ठेवलेली नऊ नवी रोपं होती, मुळांना ओलं फडकं गुंडाळलेली. ती संध्याकाळी लावायची असं त्याने ठरवलं. ऊन चढलं तेव्हा तो स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी आला. म्हाताऱ्या झाडासमोर उभा राहिला, पण कुंचला बादलीतून निघेना.

वदहा दोन पेले कॉफी घेऊन बाहेर आली. "हे एक राहिलं."

"राहू दे."

"काय लिहिलंय त्याच्यावर? कधीपासून विचारतेय."

"हा मूळ लॅटिनमधून आलेला—"

वदहाने आपला पेला भिंतीवर ठेवला आणि हाताची घडी घातली. "मी नाही पिणार. काल दाऊदला सांगितलंत तसं सांगा, मग पिते."

अबू नायफने बादलीत बघितलं. बागेकडे बघितलं. सगळी झाडं कोरी, एकावरही काही नाही. "ज्याला आपली बायको..." तो थांबला. "ज्याला आपली बायको फार आवडते, असा माणूस."

"कोण माणूस?"

"मी! आणखी कोण असणार?" तो जवळजवळ चिडूनच म्हणाला.

वदहा झाडाजवळ गेली आणि त्या निळ्या अक्षरांवरून तिने बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाचता येत नव्हतं, तरी सगळ्यांवरून फिरवलं.

"हा शब्द उस्तादाला येतो का?"

"विचारलाच नाही," अबू नायफ म्हणाला. "येत असता तर पुसावा लागला असता."

वदहाने भिंतीवरचा पेला उचलला आणि कॉफी प्यायली. मग त्याच्या हातातली चुन्याची बादली काढून घेतली. "उद्यापासून मीठ कमी असलं तर मीठ मागा," असं म्हणून ती बादली घेऊन आत गेली.